खोकी मोजलीस, सांधे मोजले नाहीस

फोनवर तू एवढंच म्हणालास, "सर, नवं होम थिएटर लावलंय, पण आवाज येत नाही." मला वाटलं, कुठे पिन निसटली असेल. रविवार होता, म्हटलं जाऊन येऊ, तुझ्या आईच्या हातचे पोहेही होतील. दार उघडलं आणि पोह्यांवरचं मनच उडालं. समोरच्या भिंतीवर पासष्ट इंची टीव्ही. सोफ्यामागे काचेचं बंद कपाट, त्यात नवाकोरा रिसीव्हर, अंगावरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेला. त्याच्या डोक्यावर फोर-के डिस्क प्लेअर, त्याच्या डोक्यावर मुलाचा गेमिंग कन्सोल, सर्कशीतल्या मनोऱ्यासारखे एकावर एक. आणि या सगळ्या बड्या मंडळींच्या दिमतीला २०१२ सालच्या जुन्या संचातले मुठीएवढे पाच स्पीकर, ज्यांच्या रंगीत पिना तू कात्रीनं कापून टाकल्यास. कात्रीनं! वायर स्ट्रिपर मी तुझ्या हातात १९९८ साली दिला होता. तो काय देव्हाऱ्यात ठेवलास?

बस इथे. मोबाइल पालथा ठेव. आणि आधी ते कपाटाचं दार उघड, यंत्र भाजून निघतंय आत.

बिल दाखव म्हटल्यावर तू फाइल आणलीस. फाइल छान लावलीयस, यात वाद नाही. वॉरंटी कार्डं, ईएमआयचा तक्ता, एक्सचेंजची पावती. एकूण पावणेतीन लाख. तीन दुकानांतल्या किमती पडताळल्यास, पाचशे रुपयांसाठी घासाघीस केलीस. फक्त एक कागद त्या फाइलीत नाही आणि तो फुकट होता. ब्लॉक डायग्राम. आयटीआयच्या पहिल्या वर्षी रेडिओला हात लावू देण्याआधी मी तुमच्याकडून पंधरा दिवस नुसते चौकोन काढून घेतले होते. या चौकोनातून काय बाहेर पडतं, पुढच्या चौकोनाला काय पचतं, ते मधल्या रेघेवर लिहायचं. तुम्ही मागच्या बाकावर बसून खिदळायचात, "सर, आजपण चौकोनच?" आजपण चौकोनच, बाळा.

कारण तुझ्या घरात एकही वस्तू बिघडलेली नाही. टीव्ही उत्तम, प्लेअर उत्तम, रिसीव्हर तर माझ्या पेन्शनीला न परवडणारा. जुने स्पीकरही त्यांच्या जागी ठणठणीत होते. बिघाड आहे तो दोन वस्तूंच्या मधल्या जागेत. ती जागा कुठल्या दुकानात विकायला ठेवत नाहीत, तिच्यावर डिस्काउंट नसतो, म्हणून तिकडे तू ढुंकून पाहिलं नाहीस.

दसऱ्यापासून सुरू करू. दसऱ्याला टीव्ही आणि डिस्क प्लेअर आला. प्लेअर तू जुन्या संचाच्या ॲम्प्लिफायरला जोडलास आणि ॲम्प्लिफायर टीव्हीला, कारण डीव्हीडी तशीच जोडलेली होती. पडद्यावर पाटी आली की हे चित्र दाखवता येत नाही. दुकानदार म्हणाला केबल बदला. तू बदललीस. मग म्हणाला आणखी चांगली केबल घ्या. तीही घेतलीस, सोनेरी टोकाची. तुला एकदाही वाटलं नाही की आपण आकडे मांडून बघावेत?

मग आता मांड. पाढे येतात ना अजून? फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. गुणाकार ८२,९४,४००. सेकंदाला ६० चित्रं धर, आणि दर ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट. झाले सेकंदाला जवळपास १२ अब्ज बिट. त्यात दोन चित्रांच्या मधल्या मोकळ्या जागेचा हिस्सा घाल. शिवाय आठ बिट पोचवायला दहा पाठवायचा तिथला रिवाज आहे, तोही घाल. आकडा जातो १७.८२ अब्जांवर. २०१३ साली एचडीएमआय २.० आलं ते १८ गिगाबिटचं का, हे आता कळलं? तो आकडा कोणी पंचांग बघून काढलेला नाही. तुझा जुना ॲम्प्लिफायर १.४ चा. त्याची मजल १०.२ गिगाबिट. अर्ध्या इंची नळातून तू कालवा सोडायला निघालास.

आता तू तोंड उघडतोयस, म्हणजे शंका आहे. सिनेमा तर सेकंदाला २४ चित्रांचाच असतो, तो १०.२ मध्ये मावायला हवा, हेच ना? मावतो. शाबास, अजून गंजला नाहीस. पण नळाच्या तोंडाशी पहारेकरी उभा आहे, त्याचं नाव एचडीसीपी. नक्कल होऊ नये म्हणून फोर-के डिस्क त्याची २.२ ही आवृत्ती मागते. प्लेअर विचारतो, पुढच्याकडे २.२ चं ओळखपत्र आहे का? पुढचा म्हणजे कोण? तुला वाटलं टीव्ही. टीव्हीकडे आहेच. पण प्लेअरच्या थेट पुढे बसला होता तुझा जुना ॲम्प्लिफायर, आणि त्याच्याकडे जुन्या आवृत्तीचं कार्ड. मधला अडला की सगळी वरात अडली. अपडेट मारून ते ओळखपत्र मिळेल या आशेवर तू दोन रात्री घालवल्यास म्हणे. ते चिपमध्येच असावं लागतं, बाबा.

आणि खरा राग मला याचा येतो की मार्ग तुझ्या घरातच होता. प्लेअर उचल, पाठ बघ. एचडीएमआयची दोन भोकं आहेत. एकातून चित्र आणि आवाज दोन्ही निघतात. दुसऱ्यावर ऑडिओ असं छापलंय, ते मुद्दाम जुन्या यंत्रांसाठी दिलेलं असतं. पहिलं सरळ टीव्हीला, दुसरं ॲम्प्लिफायरला. एक जास्तीची केबल, आणि वर्षभर निवांत सिनेमे बघितले असतेस. पण पाठ बघायची तर वाकावं लागतं.

मग दिवाळीला रिसीव्हर आणलास. कशासाठी, विचारलं तर म्हणालास, "ईएआरसी नव्हतं सर जुन्यात, त्याशिवाय ॲटमॉस येत नाही." कोणी सांगितलं? विकणाऱ्यानं. त्याला सांगायचे पैसे मिळतात, तुला ऐकायचे मिळतात का? ओटीटीवरचं डॉल्बी ॲटमॉस येतं डॉल्बी डिजिटल प्लसच्या पोटात बसून, आणि ते साध्या एआरसीतूनही, म्हणजे टीव्हीकडून आवाज परत आणणाऱ्या जुन्या वाटेनंही, जाऊ शकतं. ईएआरसी लागतं ते ट्रूएचडीसारख्या जड, काहीही न गमावता दाबलेल्या आवाजाला, आणि तो असतो डिस्कवर. डिस्क प्लेअर तू थेट रिसीव्हरला जोडलायस, म्हणजे त्या आवाजाला टीव्हीच्या वाटेनं यायचंच नाही. जुन्या यंत्राला ॲटमॉस कळत नव्हतं याचं कारण साधं होतं. घरगुती ॲटमॉस बाजारात आलंच २०१४ साली, तुझं यंत्र त्याच्या दोन वर्षं आधीचं. म्हणजे रिसीव्हर बदलायला हवा होता हे खरं. पण चुकीचं कारण धरून गेलास म्हणून ईएआरसीच्या नावानं वरचं मॉडेल गळ्यात मारून घेतलंस, आणि स्पीकरला पैसे उरले नाहीत.

इथे मात्र माझा पारा चढतो.

जुन्या स्पीकरच्या पाठीवरची पट्टी वाच. मोठ्यानं. ३ ओहम. आता रिसीव्हरच्या मागे, स्पीकरच्या टर्मिनलांशेजारी काय छापलंय ते वाच. ६ ते १६ ओहम. दोन्ही आकडे देवनागरीत नव्हते म्हणून वाचले नाहीस का? ओहमचा नियम मी तुला फळ्यावर शंभर वेळा लिहायला लावला होता. २० व्होल्ट धर. ८ ओहमच्या स्पीकरमधून जातील अडीच अँपिअर, म्हणजे ५० वॉट. तेच २० व्होल्ट ३ ओहमवर टाक. जवळपास पावणेसात अँपिअर, १३३ वॉट. आवाजाची खुंटी तेवढीच, आणि रिसीव्हरच्या आतल्या ट्रान्झिस्टरांना अडीचपटीहून जास्त करंट उपसायचा. एका नव्हे, पाच चॅनेलांवर. तेही काच लावलेल्या कपाटात, प्लॅस्टिकची शाल पांघरून.

रिसीव्हर तुझ्यापेक्षा शहाणा निघाला. आतून 'टक्' असा आवाज करून तो प्रोटेक्शनमध्ये जातो. त्या 'टक्'चा अर्थ आहे, "मालक, मला मारू नका." तू काय केलंस? बंद करून परत चालू केलंस. आठ वेळा.

हसू नकोस, हे मी अनुभवानं बोलतोय. १९८७ साली गणपतीच्या मंडपात एका ॲम्प्लिफायरला चार कर्णे समांतर जोडायचा पराक्रम मी स्वतः केला आहे. टू एन थ्री झीरो डबल फाइव्ह ट्रान्झिस्टरांची जोडी अशी धुरासकट गेली की आरतीला लोकांना वाटलं कापूर जास्त झालाय. त्या यंत्राला 'टक्' करता येत नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षांनी त्या रात्री मला जे सुनावलं त्यापुढे माझं आत्ताचं बोलणं म्हणजे हळदीकुंकू.

खोक्यात मिळणाऱ्या संचांत ३ ओहमचे स्पीकर का असतात, याचा कधी विचार केलास? आतला ॲम्प्लिफायर कमी व्होल्टेजचा, स्वस्तातला. स्पीकरचे ओहम कमी ठेवले की त्याच व्होल्टेजवर जास्त वॉट निघतात. त्या दोघांचा संसार एकमेकांच्या खोडी सांभाळून मांडलेला असतो. रंगीत, वेगळ्याच आकाराच्या पिना दिलेल्या होत्या त्या यांना दुसरीकडे नांदायला पाठवू नये म्हणून. तुला वाटलं, कंपनीची लबाडी. लबाडी असेलही थोडी. पण पिन कापायच्या आधी, ती वेगळी का आहे हा प्रश्न पडायला हवा होता.

सबवूफरचं तर विचारूच नकोस. त्याची वायर सोलून तिला आरसीए पिन डकवलीस आणि रिसीव्हरच्या सब प्री-आउटमध्ये खोचलीस. वरून इन्सुलेशन टेप, तीही लाल. रिसीव्हरच्या त्या भोकातून निघतो तो नुसता इशारा. व्होल्ट-दोन व्होल्टचा, आणि करंट म्हणाल तर मुंगीच्या पावलाएवढा. त्यावर दहा इंची पडदा हलवायचा तर सबवूफरच्या पोटात त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर लागतो, आणि त्या ॲम्प्लिफायरला भिंतीतली वीज लागते. तुझ्या सबवूफरला प्लगाची वायर आहे? नाही. कधी नव्हतीच, कारण त्याला हलवायचं काम जुना ॲम्प्लिफायर करत होता, जो तू एक्सचेंजमध्ये बाराशे रुपयांना देऊन टाकलास. आता तो लाकडी डबा शोभेचा. वर कुंडी ठेव.

आणि "जुना संच १२०० वॉटचा होता सर" हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. पीएमपीओ हा आकडा जाहिरातवाल्यांनी प्रसवलेला. त्याच संचाच्या पाठीमागच्या पट्टीवर छापलं होतं, वीज खातो ६० वॉट. साठ खाऊन बाराशे ओकणारं यंत्र तुझ्याकडे होतं तर ते महावितरणला का नाही दिलंस? चौकात पुतळा उभारला असता तुझा. नव्या रिसीव्हरच्या खोक्यावरचा मोठा आकडाही तसाच बघ, खाली मुंग्यांसारख्या अक्षरांत लिहिलंय की हे एकच चॅनेल चालवून, ६ ओहमवर, १० टक्के डिस्टॉर्शन धरून. दहा टक्के डिस्टॉर्शनचा लता मंगेशकरांचा आवाज तुझ्या आईला ऐकवून बघ, घराबाहेर काढेल.

आता टीव्हीकडे ये. टीव्हीवरच्या ॲपचा आवाज रिसीव्हरला का येत नाही? चार भोकांपैकी एकावरच ईएआरसी लिहिलंय, तिसऱ्यावर. भिंतीतून आलेली केबल तू पहिल्यात खोचलीस, कारण ते हाताशी होतं. परतीचा आवाज फक्त त्या एकाच दारातून निघतो, बाकी तीन दारं नुसती आत घ्यायची. बरं, तिसऱ्यात लावून मी म्हटलं सेटिंगमध्ये जाऊन यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारं सीईसी चालू कर, तर म्हणालास असं काही नाहीच इथे. असतं. पण प्रत्येक कंपनीनं त्याचं बारसं वेगळं केलंय. सॅमसंगकडे ॲनीनेट प्लस, एलजीकडे सिम्पलिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक. देव एकच, गावोगाव नाव निराळं. आणि डिजिटल आवाजाचं सेटिंग पीसीएमवर होतं, म्हणजे एआरसीच्या वाटेनं सहा वाटांचा आवाज दोन वाटांत कोंबून पाठवायचा. मग मागच्या स्पीकरांना काय, आकाशवाणी ऐकू येणार? शिवाय खबरदारी म्हणून ऑप्टिकल केबलही लावून ठेवलीयस. १९८३ सालचं तंत्रज्ञान आहे ते, तोशिबाचं, आणि अजून नेकीनं चालतं. पण त्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, म्हणजे ओटीटीचं ॲटमॉस गेलंच. काढ ती.

पेनड्राइव्हवरच्या जुन्या सिनेमांचं चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, ही तुझी सगळ्यात मोठी तक्रार. टीव्ही परत करायला निघाला होतास. त्या फायलींचा आवाज डीटीएसचा आहे. डीटीएस समजून घ्यायला टीव्हीवाल्याला परवाना घ्यावा लागतो. सॅमसंगनं २०१८ पासून टीव्हीत ते घेणं सोडलं. एलजीनं २०२० साली सोडलं आणि २०२३ मध्ये काही मॉडेलांत परत आणलं. तुझ्या दहा वर्षं जुन्या टीव्हीत ते होतं, म्हणून नव्यात असणारच, असं तू धरून चाललास. नवं म्हणजे जुन्यातलं सगळं अधिक थोडं जास्त, हा हिशेब तुला कोणी शिकवला? मी तरी नाही. पेनड्राइव्ह डिस्क प्लेअरला लाव, तो बिनबोभाट वाजवेल. त्याच्या खोक्यावर डीटीएसचं चिन्ह आहे, मी येतानाच पाहिलं.

मुलाच्या कन्सोलवरून घरात भांडण झालं म्हणे. सेकंदाला १२० चित्रं दिसायला हवीत, दिसतात ६०. तू त्याला सांगितलंस, "टीव्ही २.१ आहे, रिसीव्हर २.१ आहे, तूच काहीतरी बिघडवलंस." पोराची माफी माग. एचडीएमआय २.१ आलं २०१७ साली, वरची मर्यादा ४८ गिगाबिट. पण २०२१ मध्ये या एचडीएमआयचे परवाने देणाऱ्या संस्थेनंच स्पष्ट केलं की २.० असं वेगळं काही आता मानायचं नाही, सगळं २.१ मध्येच धरायचं, आणि २.१ ची नवी वैशिष्ट्यं ऐच्छिक. म्हणजे खोक्यावरच्या २.१ या आकड्यावरून काहीही कळत नाही. १२० चित्रं चालतात का, चालत असतील तर कुठल्या भोकात, हे मॉडेलच्या माहितीपत्रात बघायचं. तुझ्या टीव्हीत ती फक्त तिसऱ्या आणि चौथ्या भोकात चालतात. तिसरं तर ईएआरसीनं अडवलं. उरलं एक. कन्सोल तिथे थेट लाव, आवाज परतीच्या वाटेनं रिसीव्हरला येईल. शिवाय त्या भोकाचं सिग्नलचं सेटिंग 'एन्हान्स्ड' कर. कित्येक टीव्ही दुकानातून येतात तेव्हा ते बंदच असतं.

रिसीव्हरमधून नेऊन काय झालं असतं, असं विचारतोस? चांगल्या नावाच्या रिसीव्हरांनीही यात तोंड पोळून घेतलंय. २०२० साली डेनॉन, मॅरँट्झ, यामाहाच्या नव्या रिसीव्हरांत एचडीएमआयची अशी चिप निघाली की एक्सबॉक्स सीरिज एक्सचं १२० चित्रांचं फोर-के आलं की पडदा काळा. पुढच्या वर्षी डेनॉन-मॅरँट्झवाल्यांनी फुकट जोडयंत्र वाटलं, यामाहानं आतली पाटीच बदलून द्यायचं ठरवलं. दोन्ही बाजूंची यंत्रं आपापल्या कारखान्यात तपासून निघालेली होती. एकमेकांसमोर उभं केल्यावर बोलती बंद. कारखान्यातल्या शिकलेल्या माणसांचं हे झालं, तर तुझी काय कथा.

आणि ही भिंत. २०१६ साली फर्निचर केलंस तेव्हा इंटिरिअरवाला म्हणाला, वायर दिसता कामा नये. दहा मीटर एचडीएमआय केबल त्यानं पाऊण इंची पाइपात घातली, दोन काटकोनी एल्बो लावले आणि वर प्लास्टर. तेव्हा ती केबल एचडी चित्राला पुरायची. आता मधूनच पडदा काळा होतो, दोन सेकंदांनी परत येतो, आणि तू टीव्हीला शिव्या घालतोस. १८ गिगाबिट तांब्याच्या तारेतून दहा मीटर नेणं म्हणजे भरल्या घागरी घेऊन दहीहंडीचा थर चढणं. ४८ गिगाबिटला तर तीन-चार मीटरपुढे तांब्याचा भरवसा धरू नकोस. लांब जायचं तर काचेच्या तंतूची केबल, आणि अल्ट्रा हाय स्पीडचं प्रमाणपत्राचं लेबल असलेली. ती घेताना एक कर. तिच्या एका टोकावर सोर्स लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर डिस्प्ले. ती एकमार्गी असते. माझ्या ओळखीत एकानं अख्खं फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर कळवलं की उलटी घातली गेली. त्याच्या बायकोनं त्याला काय म्हटलं ते इथे तुझ्या आईसमोर सांगता येणार नाही. शिवाय विचारून घे, ईएआरसीचा परतीचा आवाज त्या केबलीतून येतो का. सगळ्यांतून येत नाही. आणि तुझे ते एल्बो... पाऊण इंचीत एचडीएमआयची पिन वळणारच नाही. पाइप फोडावा लागेल, किंवा रिसीव्हर टीव्हीखाली आणावा लागेल. मी असतो तर रिसीव्हर आणला असता. तुझ्या कपाटाची काच तुझ्या बायकोला आवडते, ते मला माहीत आहे. सांभाळ तुझं तू.

स्पीकर आता नवे घ्यावे लागणारच. घेताना छताकडे एकदा मान वर कर. छतावर आवाज आपटून खाली आणणारे ॲटमॉसचे स्पीकर तू निवडून ठेवलेत, मला फोटो दाखवलास. त्यांना वर सपाट, कडक, फार उंच नसलेलं छत लागतं. तुझ्याकडे पीओपीची तीन पायऱ्यांची नक्षी, मधे झुंबर, भोवती पंखे. देवरुखकडच्या माझ्या एका साडूनं कौलारू घरात हेच लावले, आवाज उतरत्या कौलांवर आपटून थेट पडवीत. घरात शांतता आणि बाहेर कुत्रा सावध. तुझ्याकडे छतात बसणारेच बरे. आणि तुझा रिसीव्हर सात चॅनेलचा आहे. त्यात पाच खाली, दोन वर, इतकंच. तू नऊ स्पीकरची यादी केलीयस. उरलेले दोन कुणाला देणार, मला?

एक गोष्ट मात्र बरी केलीस, ती कबूल करतो. तुझा मेहुणा न्यू जर्सीहून रिसीव्हर आणून देतो म्हणत होता, तो तू नाकारलास. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इकडे २३० आणि ५०. चार्जर, लॅपटॉप १०० ते २४० मध्ये कुठेही चालतात म्हणून लोकांना वाटतं सगळंच चालतं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या रिसीव्हरला तो लाड माहीत नसतो. लोक पंचवीस रुपयांचा पिन बदलायचा अडॅप्टर लावतात, पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज तेच राहतं, आणि पहिल्याच संध्याकाळी जळक्या वार्निशचा वास. स्टेप-डाउन लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत, ६० साठी बांधलेला गाभा ५० वर गुरगुरतो आणि तापतो. तिकडच्या डीव्हीडीही इथल्या प्लेअरवर चालत नाहीत. त्यांचा विभाग १, आपला ५. ब्लू-रेला त्यांचं अक्षर ए, आपलं सी. फोर-के डिस्कला विभाग नाहीत, तेवढ्या खुशाल मागव. मेहुण्याला का नको म्हणालास, विचारलं? म्हणे कस्टमच्या भीतीनं. म्हणजे हेही तू बरोबर कारणानं केलेलं नाहीस.

आता असं कर. हे बिल उलटं कर, मागची बाजू कोरी आहे. पेन्सिल घे, पेन नको, खोडावं लागणार आहे. पहिला चौकोन कुठला? गेमिंग कन्सोल? चूक. या घरात सगळ्यात जास्त वेळ काय चालतं? तुझ्या आईची मालिका. मघाशी ती मला सांगत होती की दिवाळीपासून तिला बातम्या लावायला तीन रिमोट आणि एक नातू लागतो. तेव्हा पहिला चौकोन सेट टॉप बॉक्सचा. त्यातून निघणाऱ्या रेघेवर लिही, काय निघतं. त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, त्याला ते पचतं का, ते माहीत नसेल तर लिहू नकोस, उठून जा आणि त्या यंत्राची पाठ वाचून ये. टॉर्च आण. माझा चष्मा टीपॉयवर राहिलाय, तोही.

आणि आईला सांग, पोहे झाकून ठेवा म्हणावं. अजून सहा चौकोन आहेत.